खासगी कॉलेजची फी आणि सरकारी आधार

खासगी इंजिनिअरिंग किंवा फार्मसी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकला की कित्येक घरांत मुलीचा प्रवेश आधी थांबतो. तो थांबू नये, म्हणून हे नीट ऐका.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून महाराष्ट्र सरकार पूर्ण भरतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा!

पण खरी मेख प्रवेशात आहे. प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात, तर ही सवलत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात येत नाहीत. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधीच कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे, ते विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो, आणि याच ठिकाणी पालक फसतात याचं फार वाईट वाटतं.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, बँक खातं आधारला जोडा. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा.

राहण्या-जेवणाचा खर्च यात धरलेला नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो.