तेरा आठवड्यांची दोस्ती
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'आपल्या वेळचं दूरदर्शन'. मी 'रामायण'-'महाभारता'वर बोलणार नाही. ती सगळ्यांनाच आठवतात. मला बोलायचंय ते आल्या आल्या संपलेल्या मालिकांबद्दल.

तेव्हा प्रायोजित मालिकेला सहसा तेरा भागांची मंजुरी मिळायची. आठवड्याला एक भाग, म्हणजे तीन महिने. पात्रांची नावं तोंडात बसेपर्यंत मालिका संपलेली असायची. त्यातही एखादा भाग मॅचमुळे जायचा, एखादा वीज गेल्यामुळे, एखादा 'व्यत्यय'च्या पाटीमुळे. शिवाय डोंबिवलीकरांचं वेगळंच दुखणं होतं. अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे वळवायचा आणि मधे पारसिकचा डोंगर! पडद्यावर मुंग्या आल्या की दोष डोंगराचा, असं प्रत्येकाचे वडील ठामपणे सांगत. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात आणि एक टीव्हीपुढे: "आलं... गेलं... आता हलवू नकोस!"

'गोट्या' आठवतो? ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक, राजदत्तांचं दिग्दर्शन आणि अशोक पत्कींनी चाल दिलेलं ते शीर्षकगीत. आपल्याला मिसरूड फुटायला लागली होती, म्हणून धाकट्या भावंडांचं नाव पुढे करून बघायचो. मुलींनी हसू नये, तुम्हीही बघत होतात.

पण माझी खरी मालिका 'एक शून्य शून्य'. पोलिसांच्या फोन नंबरवरून नाव. दिग्दर्शक बी. पी. सिंग, आणि त्यात शिवाजी साटम. पुढे 1998 साली याच जोडीची हिंदी 'सीआयडी' आली आणि वीस वर्षं चालली. माझी मुलगी त्यावर वाढली. मी तिला सांगायचो, याची सुरुवात आमच्या मराठीत झालीय.

आता गंमत सांगतो. 'एक शून्य शून्य'चे बरेचसे भाग मी पाहिलेलेच नाहीत. आमच्याकडे टीव्ही नव्हता. मी ते मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावर ऐकले, आपल्या 'इन्स्पेक्टर'कडून. आठवला ना? त्याच्याकडेही टीव्ही नव्हता. तो चाळीच्या मालकांच्या खिडकीबाहेर उभा राहून बघायचा. खिडकीतून अर्धाच पडदा दिसायचा, उरलेला अर्धा तो मनाने भरायचा. खुनी दाराआडून कसा आला, साहेबांनी सिगारेटचं थोटूक कसं उचललं, हे सगळं डब्यातल्या पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून तो सांगायचा. घंटा झाली की नेमका खुन्याचं नाव सांगायच्या आधी थांबायचा. उरलेलं शाळा सुटल्यावर, स्टेशनकडे चालताना.

मधे वाटलं, एकदा ते भाग बघावेत. त्याने काय काय पदरचं घातलं होतं ते तरी कळेल! पण त्या काळातलं फार थोडं हाती लागतं. टेप महाग असत, जुनं पुसून त्यावरच नवं चित्रित करत. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ'चे बहुतेक भाग असेच पुसले गेले. घरोघरी लोक ज्याची वाट बघायचे, त्याची ही गत.

तेव्हा माझ्यापुरता 'एक शून्य शून्य' म्हणजे इन्स्पेक्टरने सांगितलेलाच.

आठवीच्या शेवटी त्याच्या वडिलांचा कारखाना बंद झाला आणि तो शाळेत यायचा थांबला. कोणी म्हणे कल्याणला मामाकडे गेला, कोणी म्हणे गावी. काल संयोजकांनी या मेळाव्याची यादी पाठवली. ती दहावीच्या निकालावरून केलेली आहे, म्हणून त्यात त्याचं नाव नाही. त्याच्यासारखी आणखी चार-पाच नावं मला आठवतात, तुम्हालाही आठवत असतील.

बाई, आपल्या वर्गाचं आठवीचं हजेरीपुस्तक कार्यालयात असेल, तर स्मरणिका छापायला जाण्याआधी ते एकदा बघता येईल का? मी उद्या सकाळी अकरा वाजता शाळेत येतो. कल्याणला राहणाऱ्यांपैकी कोणाला मामांचा पत्ता ठाऊक असेल, तर जेवणाच्या वेळी मला गाठा. मी खिडकीजवळच्या टेबलावर आहे.