अंत्युखियाची पंगत आणि चवदार तळ्याची ओंजळ
(ज्युबिली महोत्सवप्रसंगी झालेले भाषण)



  ज्युबिलीचे मूळ जुन्या करारातील लेवीय पुस्तकात आहे. तेथे पन्नासावे वर्ष पवित्र ठरविले असून त्या वर्षी दासास मुक्त करावे व विकली गेलेली वतनाची जमीन मूळ घराण्यास परत द्यावी, असा दंडक घातला आहे. तेव्हा ज्युबिली हा जसा आनंदाचा, तसाच हिशेब चुकता करण्याचाही सण होय. आपणही आज एक हिशेब मांडू: आपल्या पंगतीत कोण बसले आणि कोण दाराशी उभे राहिले? या तपासणीस लागणारी कसोटी पवित्र शास्त्रातील पहिल्या ख्रिस्तसभांपाशी आहे.

त्या सभांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे एक सोज्ज्वळ चित्र उभे राहते. सर्व जण एकदिलाने प्रार्थना करीत आहेत, भाकर मोडीत आहेत, कोणास काही उणे नाही. हे चित्र खरे आहे, पण ते अर्धे आहे. संत लूक व संत पौल यांनी त्या सभांतील तंटे झाकून ठेवले नाहीत. नीट वाचू जाता असे दिसून येते की, त्यांतील कित्येक तंटे अन्नावरून झाले. कोणास वाढावे, कोणाबरोबर जेवावे आणि कोणी आधी जेवावे, ही तीन भांडणे तीन शहरांत झाली.

तो काळ आपल्यापासून फार दूरचा असे मात्र कोणी समजू नये. त्याच पहिल्या शतकात मिसर देशाकडून निघालेली गलबते कोकणच्या किनाऱ्यास लागत. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात ‘सेमुल्ला’ नावाच्या बंदराची नोंद असून विद्वान ते आपले चौल मानतात. महाडजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणीही इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहेत. व्यापारी, कारागीर, विधवा, चाकर, पोटासाठी परमुलखात आलेले मजूर, अशी जी माणसे सावित्रीकाठच्या आपल्या बाजारगावी दिसतात, तशाच माणसांच्या त्या सभा होत्या.

पहिले भांडण यरुशलेमातले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते आले आहे. त्या सभेत स्थानिक भाषा बोलणारे जसे होते, तसे परदेशांत वाढलेले ग्रीकभाषी यहूदीही होते. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीकभाषी मंडळींनी कुरकुर केली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस दटावले नाही, वा ‘सभेची अब्रू जाईल’ म्हणून गोष्ट दडपली नाही. त्यांनी सर्वांस एकत्र बोलाविले आणि वाटपाच्या कामी सात जण निवडावयास सांगितले. त्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मेनास, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, तो अंत्युखियाचा होता. यावरून असे दिसते की, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच मंडळींच्या हाती सभेने वाढपाची पळी दिली. तक्रार मिटविण्याचा याहून न्याय्य मार्ग दुसरा कोणता असेल?

दुसरे भांडण अंत्युखियातले. रोम व आलेक्झांद्रिया यांच्या खालोखाल गणले जाणारे हे शहर. ‘ख्रिस्ती’ हे आपले नाव प्रथम तेथेच पडले. तेथील पाच पुढारी संत लूकने सांगितले आहेत: कुप्र बेटावरचा बर्णबा, ‘काळा’ असे उपनाव असलेला शिमोन, आफ्रिकेतील कुरेनेचा लूक्य, हेरोद राजाच्या संगतीत वाढलेला मनाएन, आणि शौल, म्हणजे संत पौल. अशा सभेत यहूदी व विदेशी एका पंगतीस बसत, आणि संत पेत्रही त्यांच्यात जेवत असे. पण यरुशलेमाकडून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भीतीने संत पेत्र पंगतीतून मागे सरला. त्याचे पाहून इतर यहूदी ख्रिस्ती सरले, बर्णबादेखील सरला. तेव्हा संत पौलाने सर्वांसमक्ष त्यास दोष दिला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे त्याने स्वतः नमूद केले आहे.

या प्रसंगाने पुढे थोर थोर आचार्यही बुचकळ्यात पडले. हा वाद वरवरचा व ठरवून केलेला असावा, असे संत जेरोम यांचे मत होते. संत अगुस्तीन यांनी ते मानले नाही. दोष खराच होता, आणि आपल्याहून धाकट्याने उघडपणे काढलेला दोष नम्रपणे सोसणे यातच संत पेत्राची थोरवी आहे, असे त्यांनी जेरोम यांस कळविले. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. संत पेत्राची श्रद्धा चुकली नव्हती. देव कोणाचे तोंड पाहून न्याय करीत नाही, हे कर्नेल्याच्या घरी त्यानेच सांगितले होते. तत्त्व ठाऊक होते. पण लोकांच्या भयाने पाय पंगतीतून उठले.

तिसरे भांडण करिंथचे. तेथील सभा एखाद्या सधन बंधूच्या घरी भरे. रोमी घरांतील भोजनदालनात साधारणतः नऊ जणांचीच सोय असे; बाकीचे अंगणात बसत असावेत, असे विद्वान म्हणतात. सधन मंडळी आधी येऊन जेवून घेत, आणि दिवसभर राबून उशिरा येणारे उपाशी राहत. संत पौलाने त्यांस बजाविले की, या रीतीने तुम्ही प्रभुभोजन करीतच नाही. एकमेकांची वाट पाहा. पवित्र मिस्साबलिदानाच्या स्थापनेचा वृत्तांत त्याच्या पत्रात याच खरडपट्टीच्या ओघात आला आहे. आपण वेदीपुढे ज्या प्रसंगाचे भक्तिभावाने स्मरण करतो, तो लिहून ठेवण्यास गरिबाची रिकामी थाळी निमित्त झाली!

आता आपल्या महाडकडे वळू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा श्री. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली मंजूर केला. पुढल्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपल्या तळ्यासंबंधी तसाच ठराव केला. ठराव झाला, पण तळ्याची वाट बंदच राहिली. मुसलमानांस तेथे पाणी भरण्यास मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो आपल्याच धर्मातील बांधवांस. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. परतणाऱ्या लोकांस मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेस जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ साली त्याचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला.

हा लढा ख्रिस्ती समाजाने केलेला नाही, त्याचे श्रेय घेण्याचा आपणांस अधिकार नाही. तथापि तो आपल्याच मातीत घडला आणि अंत्युखियाचा प्रसंग कसा वाचावा हे त्याने आपणांस शिकविले आहे. ठराव आणि ओंजळ यांत अंतर असते. संत पेत्राच्या ठायी ठराव पक्का होता, त्या दिवशी ओंजळ मात्र मागे राहिली.

आणि आपल्या ख्रिस्तसभेचे काय? बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपण सारे एक झालो, असे आपण म्हणतो. तरीही गोव्यात कित्येक ठिकाणी कॉन्फ्रारियेचे सभासदत्व व फेस्ताचे मान पिढ्यान् पिढ्या जातीवरून ठरत आले, हा इतिहास आहे. २००३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तामिळनाडूच्या महागुरुस्वामींपुढे बोलताना ख्रिस्ती समाजातील जातिभेदाचा निषेध केला. २०१६ साली भारतातील कॅथोलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने दलित बांधवांविषयी धोरण प्रसिद्ध करून अस्पृश्यता हे घोर सामाजिक पाप होय असे सांगितले. बंधूंनो, हेही ठरावच आहेत, आणि ते योग्य आहेत. पण तळ्यापर्यंत आपणच चालून गेले पाहिजे. सोयरीक जुळविताना ‘पण ते मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्या ओट्यावर हळूच विचारला जातो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

अंत्युखियाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला थांबता येत नाही. क्लौद्य बादशहाच्या कारकिर्दीत दुष्काळ पडणार, असे अगब नावाच्या संदेष्ट्याने आधीच सुचविले. तेव्हा तेथील शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी केली आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदियातील वडिलांकडे धाडली. ज्या यहूदियाकडच्या काही मंडळींस विदेश्यांच्या पंगतीस बसणे अपवित्र वाटे, तेथल्याच भुकेल्यांसाठी विदेश्यांनी मदत पाठविली. मानापमानाचा विचार त्यांनी केला नाही.

२२ जुलै २०२१ ची आठवण या भागात कोणास करून द्यावयास नको. सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. तळिये येथे डोंगर खचून ८० हून अधिक माणसे मृत्यू पावली; पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. चिखलाने घर निवडले नाही. अशा वेळी मदतीनेही घर निवडू नये.

तेव्हा या ज्युबिलीनिमित्त मी आपणांपुढे चार गोष्टी नम्रपणे ठेवतो. पहिली: यरुशलेमाप्रमाणे, ज्यांचा आवाज कमी ऐकू येतो अशांतून निदान काही जण धर्मग्रामाच्या कारभारात घ्यावेत. यात विधवा भगिनी असाव्यात, औद्योगिक वसाहतीत कामास आलेले परप्रांतीय बांधवही असावेत. त्यांची मराठी मोडकी असेल. पण पोलादपूर सोडून पोटासाठी मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांनीही परकेपणा भोगला आहे. दुसरी: सणाच्या जेवणात, करिंथचा धडा स्मरून, पाळीवरून उशिरा येणाऱ्यांची वाट पाहावी. तिसरी: पावसाळा लागण्यापूर्वी, अंत्युखियाप्रमाणे, एक मदतपेटी ऐपतीनुसार भरावी, ती दोघा विश्वासू माणसांच्या हाती द्यावी, तिचा हिशेब सर्वांस वाचून दाखवावा आणि आपत्तीत ती कोणत्याही धर्माच्या घरासाठी उघडावी. चौथी सर्वांत कठीण: सोयरिकीच्या बोलण्यातून तो एक प्रश्न काढून टाकावा. पहिल्या तीन गोष्टी सभा बोलावून ठरविता येतील. ही चौथी प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या लेकरांसमक्ष करावयाची आहे.

आपण मोजकी घरे आहोत, आपल्या हातून काय होणार, असे कोणी म्हणू नये. फिलिप्पै येथील सभेचा आरंभ नदीकाठी प्रार्थनेस जमलेल्या काही स्त्रियांपासून व जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेच्या घरापासून झाला. तिने प्रथम काय केले? आपले दार उघडले व पाहुण्यांस आत येण्याचा आग्रह केला.

संत पेत्रास जी नम्रता, संत पौलास जे धैर्य आणि लुदियेस जे उदार मन परमेश्वराने दिले, ते तो आपणांसही देवो, आणि पवित्र मरीया माता आपल्या या लहानशा कळपासाठी विनंती करो. आमेन.