तव्याचे आणि मंगळसूत्राचे माहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी मुक्ताईनगर येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी आकाशाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण आपल्या चुलीवरचा तवा आणि गळ्यातले मंगळसूत्र यांचे माहेर आकाशात आहे, हेच मला आज सांगायचे आहे.

आपला सूर्य हा एक तारा. अशा शंभर अब्जांहून अधिक ताऱ्यांची मिळून आपली आकाशगंगा झाली आहे. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू एकवटून हेलियम बनते व उष्णता निघते. सूर्याच्या आठपटींहून जड तारे त्यापुढे कार्बन, ऑक्सिजन असे करीत लोखंडापर्यंत येतात. लोखंडापासून मात्र उष्णता मिळत नाही. चूल विझते, गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो आणि तारा फुटतो. हाच अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. काही दिवस तो एकटा साऱ्या आकाशगंगेच्या तोडीने झळकतो. अशा स्फोटांतून, तसेच विझलेल्या लहान ताऱ्यांच्या स्फोटांतून, लोखंड अवकाशात उधळले जाते. त्याच राखेतून पुढे नवे तारे व ग्रह घडतात. तव्यातले लोखंड तिथले, आणि आपल्या रक्तातले लोहही तिथलेच!

ताऱ्यांत मूलद्रव्ये कशी घडतात हे उलगडणाऱ्यांत फ्रेड हॉईल अग्रणी होते. कोल्हापूरला जन्मलेले आपले जयंत नारळीकर त्यांचे शिष्य. १९८८ साली पुण्यात त्यांनी आयुका ही संस्था उभारली. २०२५ साली ते निवर्तले.

आता सोने. फुटलेल्या ताऱ्याचा गाभा कधी न्यूट्रॉन तारा होऊन उरतो. असे दोन तारे एकमेकांवर आदळल्याचे १७ ऑगस्ट २०१७ रोजी शास्त्रज्ञांना दिसले, आणि त्यात जड धातू घडल्याच्या खुणा मिळाल्या. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही त्या जागेचा वेध घेतला. जळगावच्या पेढीवर आपण तोळ्याने घेतो ते सोने असे पृथ्वीहूनही जुने आहे.

तारा फुटणार म्हटले की घाबरवणाऱ्या बातम्या येतात. मृगातला तांबूस काक्षी केव्हातरी फुटेलच. पण तो पाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास, किंवा त्याहूनही दूर आहे. त्यापासून आपल्याला अपाय नाही.

म्हणून भगिनींनो, एक विनंती. मार्गशीर्ष-पौषात रात्री मुलींना गच्चीवर न्या. पूर्वेला मृगाचे तीन तारे दिसतील, त्यांच्या डाव्या हाताला काक्षी दाखवा. त्या प्रश्न विचारतील. उत्तर आले नाही तर "उद्या शाळेत विचारू" म्हणा, पण गप्प बसवू नका. आणि दहावीनंतर एखादीने शास्त्र शाखा मागितली, तर "मुलीच्या जातीला ते कशाला?" हे वाक्य निदान आपल्या मंडळातील घरांतून तरी निघू नये.