चादर उचलून बघा

(कौंडण्यपूर येथील युवा शिबिरात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझा विषय पत्रिकेवर 'नर्सिंग होममधील सेवेचा दर्जा' असा छापला आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की दहा-पंधरा खाटांचे खासगी हॉस्पिटल आठवते, बाळंतपणाचे नाहीतर अपेंडिक्सचे. मी बोलणार आहे ते वेगळ्या जागेबद्दल. लकवा मारलेला, विसरभोळेपणा वाढलेला, खुब्याचे हाड मोडलेला म्हातारा माणूस महिनेन्‌महिने जिथे राहतो, ती जागा. कुठे तिला वृद्धाश्रम म्हणतात, कुठे केअर सेंटर. बऱ्याच ठिकाणी पाटीवर 'सावली' नाहीतर 'माहेर' असे लिहिलेले असते. आपण आत्ता रुक्मिणीच्या माहेरगावी बसलो आहोत, म्हणून सांगते, माहेरी लेकीला काय खायला दिले याचा हिशेब कोणी मागत नाही. पण पाटीवर माहेर लिहून महिन्याची फी घेणाऱ्याकडे हिशेब मागायचाच असतो.

तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, 'खाला, आपल्यात आई-बापाला बाहेर ठेवत नाहीत.' हे वाक्य मी वॉर्डात शेकडो वेळा ऐकले आहे, आणि बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याच्या अब्बांच्या पाठीवर मला जखम सापडली आहे. बाहेर ठेवत नाही हे खरे. मागच्या खोलीत ठेवतो. सगळे करायचे सुनेने, किंवा लग्न न झालेल्या मुलीने. तिला कोणी शिकवलेले नसते, आणि रात्री तिची जागा घेणारेही कोणी नसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले लोक ९.९ टक्के होते, म्हणजे दहातला एक. त्यानंतर तुमच्यातले किती जण पुण्याला, मुंबईला, आखातात गेले ते तुम्हीच मोजा. मागच्या खोलीत आता सून तरी आहे का? म्हणून मी आज 'ठेवावे की नाही' यावर बोलणार नाही. जुम्म्याच्या बयानात आई-वडिलांच्या खिदमतीवर आपण पुष्कळ ऐकतो. ती खिदमत नीट होते आहे की नाही हे ओळखायचे कसे, एवढेच मी सांगणार आहे. माणूस संस्थेत असो की घरात, ओळखायच्या खुणा त्याच.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातली गोष्ट. आईला लकवा झाला, मुलगा पुण्यात नोकरीला. एका शहरातल्या केंद्रात तिला ठेवले. जागा सुंदर, ऑफिसात माशांची टाकी, भिंतीवर पाहुण्यांचे फोटो. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. अम्मीचा चेहरा धुतलेला, पावडर लावलेली, डोक्यावर ओढणी. सगळे समाधानी. दोन महिन्यांनी भाची न सांगता भेटायला गेली आणि तिने अम्मीला कुशीवर वळवले. माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम होती. व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा दिसतो, पाठ दिसत नाही.

म्हणून पहिले काम, चादर उचलून बघा. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम. ती माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर, कोपरावर होते, कधी कानाच्या मागेही. सुरुवातीला कातडी फुटत नाही. गोऱ्या कातडीवर लाल डाग दिसतो, सावळ्या कातडीवर जांभळट किंवा जास्त काळा. बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका झाला नाही, तर आत नुकसान सुरू झाले आहे. हात लावल्यावर जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते. ज्याला स्वतः वळता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवायचे, हा परिचर्येचा जुना नियम आहे. वळवल्याची वेळ आणि सही असलेला कागद खाटेपाशी असायला हवा. तो मागा. दिवसभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केल्यासारख्या दिसल्या तर काय समजायचे ते तुम्हाला कळते. हवेची गादी असेल तर ती चालू आहे का बघा, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालते का विचारा. वऱ्हाडात हा प्रश्न विचारावाच लागतो.

दुसरे, पाणी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. शिवाय काही ठिकाणी पाणी मुद्दाम कमी देतात, कारण पाणी प्यायले की लघवी होते, लघवी झाली की डायपर बदलावा लागतो. ग्लास खाटेजवळ आहे का, आणि चांगल्या हाताला तो पोहोचतो का? लकवा उजवीकडे आणि ग्लासही उजवीकडे, असे मी हजारदा पाहिले असेल. जीभ कोरडी आहे का, लघवीची पिशवी लावली असेल तर रंग किती गडद आहे, पिशवी जमिनीवर तर लोळत नाही ना, हे सगळे दोन मिनिटांत दिसते. दर महिन्याचे वजनही विचारा. वजन सतत उतरत असेल तर 'वयच झाले' हे उत्तर ऐकून परत येऊ नका. भरवायला किती माणसे आहेत ते विचारा. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला एक जेवण भरवायला वीस-तीस मिनिटे लागतात. तीस माणसांना दोन मावश्या भरवत असतील तर गणित तुम्हीच करा.

आणि रात्र. कोणत्याही संस्थेचा दर्जा दुपारी चार वाजता चहा देताना कळत नाही. रात्री दोन वाजता मजल्यावर किती जण जागे असतात, हे विचारायचे. त्यांपैकी शिकलेली सिस्टर किती? जीएनएमचा कोर्स तीन वर्षांचा, एएनएमचा दोन वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी झाडू मारायला आलेल्या मुलीला पांढरा ड्रेस घालून सिस्टर म्हणतात, ती या हिशेबात धरायची नाही. त्या मुलीवर माझा राग नाही, पगार कमी आणि काम मरणाचे. पण मावश्या दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर तेही लिहून घ्या, कारण नव्या बाईला तुमच्या अब्बांची खूण कळत नाही. दिवसाढवळ्या सगळेच झोपलेले दिसले तर गोळ्यांची यादी मागा. झोपेची गोळी कोणी लिहिली, कशासाठी लिहिली, हे तुम्हाला कळलेच पाहिजे. हात खाटेला बांधलेले दिसले तर तिथेच थांबा आणि डॉक्टरला बोलवायला सांगा.

आपल्या माणसांसाठी आणखी काही गोष्टी, ज्या फॉर्मवर नसतात. अम्मीला पुसायला, कपडे बदलायला बाईच येते का? तिने वजूला पाणी मागितले तर कोणी आणून देते का, की 'आता कशाला' म्हणतात? पाणी लावायचे नसेल तर तयम्मुम करता येतो हे कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा, तेही सोपे काम आहे. रमजानात अब्बा रोजा ठेवायचा हट्ट करतील. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय ठेवू नये, आणि हे त्यांना घरच्यांनी समजवायचे असते. संस्थेने त्यावर हसायचे नसते. आणि भाषा. म्हातारपणी माणूस आपल्या पहिल्या बोलीकडे जातो. 'मेरे कू दुखरा' म्हटलेले ज्या मावशीला कळते, तिच्या हातात माणूस जास्त सुरक्षित असतो.

आता कायद्याचे थोडे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. पोसण्याची जबाबदारी मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात, सगळ्यांवर आहे. दर जिल्ह्यात किमान एक, १५० निराधारांसाठीचा वृद्धाश्रम सरकार उभारू शकते, असेही त्यात आहे. शब्द 'उभारू शकते' असा आहे, 'उभारलेच पाहिजेत' असा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितली, यावरून आधी ती किती तयार होती ते समजा. आणि ही सगळी चर्चा निराधारांच्या आश्रमांची आहे. महिन्याला पैसे घेऊन अंथरुणावरची माणसे ठेवणारी केंद्रे मधल्यामध्ये राहतात.

इथे एक जुना कायदा उपयोगी पडतो. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. त्याची व्याख्या फक्त ऑपरेशनच्या हॉस्पिटलापुरती नाही. आजारी, जखमी किंवा दुर्बल झालेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा जिथे देतात, अशी जागा त्यात येते. माझ्या मते जिथे नाकात नळी आहे, कॅथेटर आहे, रोज इन्सुलिन टोचले जाते, ती जागा 'आम्ही फक्त राहायची सोय करतो' असे म्हणू शकत नाही. म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र मागा. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या ठिकाणी दर आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. भिंतीवर ती शोधा.

आपल्याकडे प्रश्न विचारायला लोक कचरतात, त्याचे एक कारण मला वाटते ते सांगते. वऱ्हाड ही सेवेची भूमी. दाजीसाहेब पटवर्धनांनी अमरावतीत कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले, गाडगेबाबांनी आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले, तुकडोजी महाराजांची मोझरी याच तिवसा तालुक्यात आहे. त्यामुळे 'सेवा' हा शब्द ऐकला की आपण हात जोडतो, हिशेब मागत नाही. पण गाडगेबाबा कुणाचे कौतुक करण्याआधी गटार बघणारे होते. तुम्हीही आधी संडास बघा. धरायला दांडी आहे का, फरशी ओली आहे का, घंटी पडलेल्या माणसाच्या हाताला पोहोचते का.

परदेशात हे सुटले आहे असे समजू नका. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होमची न कळवता तपासणी सुरू झाली. २००८ पासून सरकार त्यांना एक ते पाच तारे देते, आणि कोणीही ते घरबसल्या बघू शकतो. पण २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले की ताऱ्यांमागची बरीच माहिती संस्थांनी स्वतःच भरलेली होती. मग २०१६ पासून किती कर्मचारी किती तास होते, हे पगाराच्या नोंदींवरून कळवायची सक्ती झाली. म्हणजे तिथेही 'तुमच्याकडे सिस्टर किती?' एवढे विचारून भागले नाही, मस्टर बघावे लागले.

आपल्याकडे तारे देणारे कोणी नाही, म्हणून मला तुमच्याकडून काम हवे आहे. रमजानात आपली मुले फळे घेऊन जातात, फोटो काढतात, परत येतात. फळे द्या, पण फोटो नको. तालुक्यात दोन मुली आणि दोन मुलगे ठरवा. महिन्यातून एकदा, वेळ न सांगता जा. ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांच्यापाशी बसा, त्यांची परवानगी घेऊन चादर बघा, आणि घरी आल्यावर वहीत तारीख घालून लिहा. भांडू नका, आधी संस्थाचालकाला सांगा. बऱ्याचदा त्यांना खरेच माहीत नसते. सुधारणा झाली नाही तर शहरात महापालिकेच्या आणि बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडे लेखी द्या, पोच घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची हेल्पलाइन आहे, आत्ताच मोबाइलमध्ये घाला. जकातीच्या पैशातून गरीब घरातल्या आजीला हवेची गादी देता येईल का, हे मशिदीच्या कमिटीला विचारा.

आता प्रश्न विचारा. ज्यांच्या घरात आत्ता कोणी अंथरुणावर आहे त्यांनी आधी हात वर करा. वळवायचे कसे ते मी इथेच सतरंजीवर दाखवते, कोणीतरी एक जण येऊन आडवे पडा.