पावसातले पन्नास किलोमीटर



मॅरेथॉन हा शब्द आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. तीन किलोमीटरच्या शाळेच्या शर्यतीलाही आपण मॅरेथॉन म्हणून टाकतो, तो भाग वेगळा. खऱ्या मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला. १९२१ मध्ये तो कायमचा ठरला. त्याहून लांब जी धाव, ती अल्ट्रामॅरेथॉन. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमध्ये होणारी कॉम्रेड्स नावाची धाव १९२१ पासून चालत आली आहे. ती नव्वद किलोमीटरच्या आसपास असते. पन्नास किलोमीटरची अल्ट्रा म्हणजे या घराण्यातलं शेंडेफळ. मी धावलो ती हीच, आणि धावलो तो दिवस पावसाचा होता.

मी कविता लिहिणारा माणूस. पन्नाशीला डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला, म्हणून चालायला लागलो आणि चालता चालता पळायला लागलो. पहाटेची नमाज झाली की बूट घालून बाहेर पडायचं, असा चार वर्षांचा परिपाठ झाला. तेव्हा जुलै २०२२ मधल्या त्या रविवारी मी अगदी नवशिका नव्हतो. पण पन्नास किलोमीटर ही गोष्ट पहिलीच.

रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. सातारा शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, पुढे पठारावरून कासच्या तलावापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत. आपण कासला जातो ते भाद्रपदात, फुलं पाहायला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांत हे पठार आहे. पण आषाढातलं कास निराळं. जांभा दगडाचा सपाट कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, त्यामुळे पठारावर मोठं झाड नाही. झाड नाही म्हणजे आडोसा नाही. खाली साताऱ्यात भुरभुर चालली होती. घाट संपला आणि वारा पाऊस घेऊन आडवा आला. धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ दहा पावलांवर विरघळून जात होती.

धुक्यात घड्याळाचा फारसा उपयोग नसतो. भिजलेल्या काचेवर आकडे दिसत नाहीत, आणि दिसले तरी बोटं ओली असली की ते पुढे सरकत नाहीत. मी श्वासावर धावलो. चार पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. अशी दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा, पादाकुलकाची एक ओळ. मधूनमधून एखादी ओळ मोठ्यानं म्हणून पाहायची. ती एका दमात पुरी झाली तर वेग बरोबर, मध्ये तुटली तर वेग जास्त, चालायला लागायचं. धावपटूंमध्ये याला बोलून पाहण्याची कसोटी म्हणतात; ते आपसात गप्पा मारून ती घेतात. मी स्वतःच्याच कविता म्हणत होतो. शेजारून जाणाऱ्या दोन पोरांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. कवीच्या वाट्याला असे श्रोते नवे नाहीत.

पायांबद्दल दोन शब्द. कातडी तासन्‌तास ओली राहिली की फुगते, मऊ पडते आणि मग बूट तिला सोलून काढतो. वजू करताना पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवायचा असतो. दिवसातून अनेकदा आपल्या बोटांची अशी विचारपूस करणाऱ्या माणसाला त्या बेचक्या ठाऊक असतात. निघण्यापूर्वी मी तिथे व्हॅसलीन भरलं होतं. तलावापाशी, अर्ध्या वाटेवर, संयोजकांनी प्रत्येकाची एक पिशवी आधीच पोचवली होती. तिथे पाय पुसले, पुन्हा व्हॅसलीन लावलं, सुके मोजे घातले. ते शंभर पावलांत भिजले हे खरं. पण त्या दोन मिनिटांत कातडीला जो विसावा मिळाला, तो पुढे पुरला.

पाण्याचंही तसंच. लोकांना वाटतं, लांब धावताना जितकं पाणी प्यावं तितकं चांगलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं. कारण मुख्यतः एकच, गरजेपेक्षा जास्त पाणी. गार हवेत घाम कमी जातो, म्हणून सवयीनं दर थांब्यावर ग्लास रिचवणाऱ्यानं तर अधिकच जपायला हवं. तहान लागली की प्यायचं, आणि तोंडात काहीतरी खारट हवं. तलावाजवळच्या थांब्यावर उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मिठात बुडवून देत होते. इतकी चवदार गोष्ट मी त्या वर्षात दुसरी खाल्ली नाही.

पण हे सगळं पुस्तकात मिळतं. मला सांगायचं आहे ते थंडीबद्दल.

जुलै महिन्यात, महाराष्ट्रात, थंडीनं माणूस दगावू शकतो ही गोष्ट आपल्याला पटत नाही. तापमान अठरा-एकोणीस अंश असेल. माघात यापेक्षा कितीतरी कमी असतं. पण माघात आपण कोरडे असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं, आणि वर वारा असला की विचारायला नको. मग धावणारा गारठत का नाही? कारण तो धावतोय. स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपानं बाहेर पडतो. माणूस म्हणजे चालती शेगडी. पण तिसाव्या किलोमीटरनंतर पाय थकतात, धावणारा चालायला लागतो आणि शेगडीतले निखारे विझू लागतात. पाऊस आणि वारा मात्र तेवढेच असतात. शरीराचं तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेलं की मेंदूचा कारभार ढासळायला लागतो.

हे मी आधीच वाचलेलं होतं, आणि त्याला एक भयंकर कारण होतं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, बाययिन शहराजवळच्या डोंगरात शंभर किलोमीटरची धाव झाली. १७२ माणसं निघाली. दुपारी गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. अनेकांच्या अंगावर आखूड चड्डी आणि पातळ बनियन एवढंच होतं. एकवीस जण गेले. त्यांत लियांग जिंग होता, चीनमधला नामवंत अल्ट्रा धावपटू. मागे रेंगाळलेले बरेच जण वाचले. जे वेगवान होते, ते पुढे उघड्या डोंगरावर सापडले. त्याच डोंगरात झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ पावसापासून बचावासाठी आपल्या गुहेत थांबलेला होता. त्यानं सहा जणांना आत घेतलं, विस्तव पेटवला, गोधड्या दिल्या. ते सहा वाचले.

आता एक शब्दाची गोष्ट सांगतो. आमच्या घरात दोन भाषा नांदतात. मी लिहितो मराठीत, आणि आई बोलायची ती दखनी. मराठीत 'जिद्द' हा फार मानाचा शब्द. सत्काराच्या भाषणात तो नसेल तर सत्कार पुरा होत नाही. आईच्या बोलीत तोच शब्द 'जिद' होता आणि ती खोड होती. लहान मूल भर बाजारात जमिनीवर लोळण घेतं, ती जिद. मूळ अरबी शब्दाचा अर्थ तर नुसता 'विरुद्ध' असा आहे. एकच शब्द एका घरात गुण आणि एका घरात अवगुण कसा झाला, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावं. त्या दिवशी आम्हांला दिलेल्या बनियनच्या पाठीवर मात्र जिद्दीचं घोषवाक्य छापलेलं होतं, हार मानू नका अशा अर्थाचं. घोषवाक्यांचा मला एरवीही कंटाळा आहे. पावसाळ्यात पठारावर धावणाऱ्याच्या पाठीवर ते छापणं मला धोक्याचंही वाटतं.

परतताना एकतिसाव्या किलोमीटरला, घाटाईच्या फाट्याच्या आसपास, मला एक तरुण भेटला. पुण्याचा, तिशीतला, अंगानं काटक. घाटात तो मला सहज मागे टाकून गेला होता. आता रस्त्याच्या कडेनं चालत होता आणि हातातली चिक्कीची पुडी फोडायचा प्रयत्न करत होता. बोटं वळत नव्हती. दातांनी फोडायला गेला, पुडी खाली पडली, ती उचलताना तोल गेला. मी म्हटलं, "काय रे, बरा आहेस ना?" तो एकदम चिडला. "काका, तुम्ही जा पुढं. मी संपवणारच आहे." शब्द जिभेवर घसरत होते.

अडखळणं, पुटपुटणं, हातातून वस्तू निसटणं आणि विनाकारण चिडणं. गारठ्याची ही चार लक्षणं एकत्र पाहिली की पाचव्याची वाट बघायची नसते. पंचाईत अशी की, मेंदूच गारठलेला असल्यामुळे माणसाला स्वतःला काही झालंय असं वाटतच नाही. म्हणून ते दुसऱ्यानं ओळखावं लागतं.

मी त्याचा दंड धरला. तो झटकू लागला. फाट्याजवळ पत्र्याची एक बंद टपरी होती आणि तिच्या वळचणीला गुरं राखणारे एक आजोबा उभे होते. डोक्यावरून घोंगडी, हातात काठी. त्यांनी एकदा त्या पोराकडे पाहिलं, मला काही विचारलं नाही. "आण रं हिकडं," म्हणाले, "गारठलंय लेकरू." आम्ही दोघांनी त्याचा ओला बनियन काढला. माझ्या पाठपिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक जाड सुका सदरा होता, तो चढवला. वरून आजोबांची घोंगडी. घोंगडी वरून ओली होती, पण लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. दोन-दोन, तीन-तीन हजारांची जाकिटं मी त्या दिवशी पाण्यात हरलेली पाहिली. आजोबांच्या थर्मासमध्ये गुळाचा चहा होता. पोराला गिळता येत होतं, म्हणून घोटाघोटानं तो पाजला. हात-पाय चोळायचे नाहीत, एकदम जाळाशी न्यायचं नाही, कोणी दारू देऊ केली तर ती अजिबात द्यायची नाही. एवढं माहीत होतं आणि एवढंच केलं. पठारावर फोन लागेना. मागून येणाऱ्या एका बाईंना निरोप दिला, त्यांनी पुढच्या थांब्यावर सांगितलं आणि पस्तीस मिनिटांनी जीप आली. तोवर मी जागच्या जागी पाय हलवत होतो, नाहीतर घोंगडी दोघांना लागली असती.

जीपमध्ये बसताना तो रडला. जीपमधल्या पोरानं त्याला "टेन्शन नका घेऊ, पुढच्या वर्षी करा" असं म्हटलं, तेव्हा तर जास्तच. सहा महिने पहाटे उठून तयारी केलेल्या माणसाला एकोणीस किलोमीटर उरलेले असताना गाडीत बसवणं सोपं नसतं. त्या वेळी त्याला काय समजवावं ते मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते त्याच्यापर्यंत पोचलं नसतं.

पुढचं थोडक्यात. पाय लाकडासारखे झाले होते. लोकांना चढाची भीती वाटते, पण मांड्या मोडतो तो उतार, आणि ओला उतार तर फारच. यवतेश्वरचा घाट मी बराचसा आडवी पावलं टाकत उतरलो. मुदत नऊ तासांची होती. मी पोचलो तेव्हा नऊ तास बारा मिनिटं झाली होती आणि पोरं कमान उतरवत होती. पदक मिळालं नाही, यादीत नाव आलं नाही. संयोजक ओशाळून म्हणाले, तुमची हकिकत कळली आहे, आपण काहीतरी करू. मी नको म्हटलं. मुदत सर्वांना सारखीच असायला हवी. माझ्या बारा मिनिटांना जागा केली, तर दुसऱ्या कोणाच्या पंधरा मिनिटांनाही करावी लागेल. त्यांनी गरम पिठलं-भाकरी दिली, ती मात्र दोनदा घेतली.

संयोजकांना मी एक पत्र लिहिलं. त्यात घोषवाक्याबद्दल एक ओळ होती आणि सामानाबद्दल पानभर. घोषवाक्य २०२३ मध्येही तेच राहिलं. पण सामानाची यादी त्यांनी सक्तीची केली. पाऊस अडवणारं जाकीट, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक सुका सदरा, चंदेरी कागदासारखी घडीची चादर, शिट्टी, आणि खिशात गुळाचे किंवा साखरेचे चार खडे. हे दाखवल्याशिवाय छातीवरचा क्रमांक मिळत नव्हता. त्या वर्षी क्रमांक वाटपाच्या टेबलाशी मी बसलो होतो. जवळजवळ प्रत्येक जण कुरकुरत होता की एवढं ओझं घेऊन कोण धावणार. मग आम्ही एक तराजू आणून ठेवला. सगळं मिळून भरलं सातशे ग्रॅम.