जिरेटोप कोणाच्या मापाचा?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे धाडले, तेव्हा आमची समजूत अशी झाली की, किमान वेतनावर किंवा माथाडी कायद्यावर बोलावयाचे असेल. परंतु विषय निघाला तो नाटकाचा! थोर पुरुष आणि पुराणकथा यांना नव्या रूपात उभे करणारी जी प्रायोगिक नाटके मराठीत झाली, त्यांविषयी बोला, असे त्यांनी सांगितले. आम्ही नाटककार नाही, नट नाही, टीकाकार तर नाहीच. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले, ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाच्या जोरावर. तरीही आम्ही होकार दिला. याचे कारण, अशा एका नाटकाच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती चारचौघांत सांगण्याची संधी आम्हांस हवी होती.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'हे नवे नाटकवाले आमच्या देवांशी आणि थोर पुरुषांशी खेळतात' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. परंतु हा खेळ नवा आहे काय? कोकणातल्या दशावतारात संकासुर येतो आणि देवादिकांच्या मंडळीत हशा पिकवून जातो. तमाशाच्या गवळणीत पेंद्या आणि मावशी कृष्णाची बेधडक थट्टा करतात, आणि तीच मंडळी सकाळी उठून विठोबाच्या पाया पडतात. आपल्या लोकांनी देवाला नेहमीच घरचा मानला आहे, आणि घरच्या माणसाची थट्टाही होते, त्याला जाबही विचारला जातो. तेव्हा देवादिकांना रंगभूमीवर वाकवण्याची मोकळीक जुनीच आहे. नवे असेल तर ते एवढेच की, थट्टेच्या जागी प्रश्न आला.

हा प्रश्न प्रथम कोणी विचारला? जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून जोशीबुवा तिच्या घरचे धान्य आणि पैसा कसा उपटतात, हे त्यात दाखवले आहे. मधून मधून विदूषक येऊन प्रेक्षकांना खरी मेख सांगतो. हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेले, आणि कमिटीने ते नाकारले. पुढे शंभराहून अधिक वर्षे ते छापून लोकांपुढे आले नाही. याच जोतीरावांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांचा पवाडा रचला आणि महाराजांना शेतकऱ्यांचा, कुळवाड्यांचा राजा म्हणून उभे केले. पुढे १८९६ साली लोकमान्यांच्या पुढाकाराने रायगडावर शिवाजी उत्सव सुरू झाला, तेव्हा त्यात महाराजांचे रूप परकी सत्तेला आव्हान देणाऱ्या राष्ट्रपुरुषाचे होते. राजा एक, रूपे दोन. दोन्ही रूपे माणसांनीच घडवली, आणि आपापल्या काळाच्या गरजेतून घडवली. म्हणून 'थोर पुरुषाला हात लावू नका' असे जो म्हणतो, त्याला आम्ही नम्रपणे विचारतो की, बाबा रे, तुझ्या मनातले जे चित्र आहे, त्याला कोणाचा हात लागलेला आहे?

आता प्रायोगिक म्हणवणाऱ्या रंगभूमीकडे येऊ. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. कोकणातल्या खेळ्यांची आठवण करून देणारी माणसांची रांग त्यात पडदा झाली. नाना फडणवीस हा इतिहासातला मुत्सद्दी तेथे बाईलवेडा आणि कावेबाज सत्ताधीश म्हणून दिसला. मोठे वादळ उठले. मूळ संस्थेने एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवले. मग त्यातल्याच कलावंतांनी 'थिएटर अकॅडमी' काढली आणि १९७४ साली ते पुन्हा उभे केले. आक्षेप घेणारे म्हणत की, हा नानांचा इतिहास नव्हे. तेंडुलकरही म्हणत की, हे ऐतिहासिक नाटक नव्हेच. मग ते काय होते? आम्हां कामगारांना विचाराल तर ते मुकादमाचे नाटक होते. वरचा माणूस एक घाशीराम नेमतो, त्याच्या हातून सारी काळी कामे करवून घेतो, आणि लोक खवळले की त्यालाच लोकांच्या हवाली करून आपण नामानिराळा होतो. हा व्यवहार आम्ही गोदामात, कारखान्यात आणि कचेऱ्यांत पुष्कळ वेळा पाहिला आहे. त्या नाटकाने पेशवाईचा इतिहास किती सांगितला, हे पंडितांनी ठरवावे. सत्तेचा हिशेब मात्र त्याने चोख मांडला.

परंतु आमच्या मनाला खरा चटका लावणारे नाटक यानंतर चाळीस वर्षांनी, २०१२ साली आले. त्याचे नाव 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, मूळ कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे. आणि काम करणारी बरीचशी मंडळी जालना जिल्ह्यातली, शेतीवाडीतली. कथा अशी की, इंद्राच्या हुकमावरून यम शिवाजीमहाराजांना त्यांच्या विचारांसह न्यावयास येतो. पण विचार काही त्याच्या हाती लागत नाहीत. हाती उरतो जिरेटोप. मग हा टोप ज्याच्या डोक्यावर बसेल त्याच्यापाशी विचार सापडतील, अशा हिशेबाने बिचारा यम टोप घेऊन पृथ्वीवर हिंडतो. फिरत फिरत तो भीमनगर मोहल्ल्यात येतो. तेथे शिवजयंतीवरून दोन गटांची चुरस लागलेली. शेवटी शाहिरांचा सवाल-जवाब होतो, आणि महाराज खरे कोणाचे, याचा निवाडा पुराव्यांनिशी प्रेक्षकांसमोर होतो.

यात थट्टा आहे, पण ती महाराजांची नव्हे. त्यांच्या नावाने टोप मिरवणाऱ्यांची आहे. चिपळूणच्या छावणीतल्या सरदारांना महाराजांनी पत्र धाडले की, रयतेकडून धान्य, गवत, भाजी ओरबाडू नका, बाजारातून रोख देऊन आणा. हे पत्र इतिहासात नमूद आहे. ज्याने शेतकऱ्याच्या भाजीची फिकीर केली, त्याच्या नावाने वर्गणी न देणाऱ्या भाजीवाल्याची गाडी उलथवायची, हा कोणता न्याय? कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका १९८८ साली काढली, ती याच प्रश्नासाठी. पानसरे आमच्यासारखेच कामगारांत वावरणारे. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. थोर पुरुषाविषयी प्रश्न विचारणे हा केवळ नाटकातला खेळ नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आता आमची चूक सांगतो.

२००४ सालची गोष्ट. आमच्या युनियनमध्ये बाजार-आवारातले हमाल. काही तरुण हमालांनी कामगार दिनासाठी एक नाटक बसवले, एकलव्याचे. द्रोणाचार्य अंगठा मागतात तेव्हा त्यांचा एकलव्य म्हणतो, 'गुरुजी, अंगठा शिल्लक कुठे आहे? तो पगाराच्या वहीत रोजच द्यावा लागतो.' तालमीला आम्ही बसलो होतो. हे वाक्य ऐकून अंगावर काटा आला. कारण त्या पोरांचे बाप खरोखरच वाचता न येणाऱ्या आकड्यांपुढे अंगठे उठवीत आले होते.

पण त्या नाटकातला अर्जुन पाटलाच्या पोरासारखा फेटा बांधून येई. आमच्यातल्याच काही सभासदांना ते झोंबले. 'हा आमच्या जातीवर रोख आहे,' असे ते म्हणू लागले. नेमकी त्याच वेळी हमालीच्या दराची बोलणी चालू होती. समोरच्या पक्षाच्या कानावर ही कुरबूर गेली, आणि तुमच्यातच एकी नाही, मग करार कोणाशी करायचा, अशी भाषा सुरू झाली. आम्ही रात्रभर विचार केला आणि सकाळी पोरांना बोलावून सांगितले, 'नाटक यंदा राहू द्या. एकी महत्त्वाची.'

करार झाला. दर वाढला. आम्हांला हार घातले गेले. नाटक मात्र त्या वर्षीही झाले नाही आणि पुढेही झाले नाही. एकलव्य झालेला गडी सभांना येईनासा झाला. आणि जिच्यासाठी हे केले ती एकी? पुढच्याच वर्षी एकाच गल्लीत दोन जयंत्यांच्या दोन कमानी उभ्या राहिल्या, आणि संपात एका रांगेत बसलेली माणसे त्या कमानींखाली एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. तेव्हा आम्हांला कळले की, जखम झाकली म्हणून बरी होत नाही. ज्या नाटकात ती माणसे एकमेकांसमोर बसून भांडली असती, रडली असती, कदाचित हसलीही असती, तेच नाटक आम्ही बंद केले होते. २०१२ साली भीमनगर मोहल्ल्यातला सवाल-जवाब पाहताना आम्ही मान खाली घालून बसलो होतो, ते याच कारणाने.

याचा अर्थ, कोणीही उठून कोणत्याही दैवताची मोडतोड करावी आणि तिला प्रयोग म्हणावे, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मते कसोट्या दोन. पहिली, नाटकवाल्याला मूळ कथा भक्ताइतकी पाठ असली पाहिजे; ज्याला धागा ठाऊक नाही त्याने वस्त्र उसवू नये. दुसरी, त्या उलटापालटीतून मान कोणाची ताठ होते, हे पाहावे. अंगठा गमावलेल्याची होत असेल, तर प्रयोग खरा. नुसताच गाजावाजा होत असेल, तर तो धंदा.

प्रायोगिक मंडळींनाही एक शब्द सांगितला पाहिजे. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांची मोठी चळवळ चालली. तेथून गिरणगाव हाकेच्या अंतरावर. १९८२ साली जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पण त्या दोन चळवळींची म्हणावी तशी गाठ पडली नाही. दोष कोणा एकाचा नव्हे. तुम्ही आमच्या दारी आला नाहीत, आणि आम्ही नाटकाला रिकामपणचा उद्योग समजलो. वास्तविक अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा ही गाठ बांधलेलीच होती. अण्णाभाऊंनी तमाशाचा बाज ठेवला आणि गणात कष्टकऱ्यांना वंदन केले. ती गाठ आम्हीच सैल पडू दिली.

ती पुन्हा बांधता येते, याचा दाखला पुण्यातच आहे. गो. पु. देशपांडे यांचे जोतीरावांवरील 'सत्यशोधक' हे नाटक अतुल पेठे यांनी २०१२ साली पुणे महानगरपालिका कामगार युनियनच्या साहाय्याने बसवले. त्यात अनुभवी नटांबरोबर सफाई कामगार उभे राहिले. ज्यांच्या हातचा झाडू लोकांना दिसतो पण चेहरा दिसत नाही, त्यांनी जोतीरावांचे म्हणणे आपल्या तोंडाने सांगितले. तसबिरीत हार घालून बसवलेले जोतीराव त्या दिवशी तसबिरीतून उतरून कामाला लागले, असे आम्ही म्हणू. थोर पुरुषाचा याहून मोठा सन्मान कोणता?

शेवटचे सांगून थांबतो. ते नाटक पाहिल्यावर आम्ही त्या एकलव्याच्या घरी गेलो. पाठीवर पोती वाहून गुडघे गेलेले. आम्ही म्हटले, 'गड्या, तेव्हा आमचे चुकले.' तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'अण्णा, आता माझ्याच्यानं उभं राहवत नाही. पण थोरला पोरगा कॉलेजात नाटकं करतो म्हणतो. त्याला कुणी अडवायला लागलं, तर तुम्ही मधे पडा.'

आम्ही शब्द दिला आहे. आज आपल्यासमोर उभे राहिलो, तो त्या शब्दाचा पहिला हप्ता समजावा. उद्या आपल्या गावात कोणी पोरे एखाद्या दैवताला नवा प्रश्न विचारू लागली, तर प्रथम पुढच्या रांगेत बसून ऐका. पटले नाही तर नाटक संपल्यावर भांडा. पण पडदा वर जाण्याआधी खाली ओढू नका. एवढीच विनंती.