बियाणं घरचं, तर गाव आपलं



गढवालच्या डोंगरात, टिहरी जिल्ह्यात, जडधारगाव आहे. तिथं पावसाच्या भरवशावर 'बारहनाजा' पिकतो. एकाच वावरात नाचणी, राजगिरा, राजमा, कुळीथ, उडीद अशी बारा धान्यं. एक बुडालं तर दुसरं तारतं. कडधान्य जमिनीला नत्र देतं, काड ढोरांना होतं.

१९८० च्या दशकात कृषी खातं म्हणालं, हे मोडा, एकटं सोयाबीन पेरा. कॉलेजात आम्हीही हेच शिकलो होतो. चिपको आंदोलनातले विजय जडधारी आणि गावकरी ऐकले नाहीत. त्यांनी 'बीज बचाओ आंदोलन' उभं केलं, गावोगाव फिरून जुनं बियाणं जमवलं, पेरून जिवंत ठेवलं.

आपली सरकी दरसाल दुकानातून, तीही उधारीवर. निदान ज्वारी, तूर, मूग तरी घरचे ठेवा. यंदा चांगली कणसं उभ्या पिकातच निवडा. पुढच्या बैठकीला मूठभर बियाणं आणा, अदलाबदल करू.